पॉइंट टू-टू रायफलचा ट्रिगर सुधारताना: आधी फडकं, मग स्क्रू

‘ट्रिगर जड लागतोय’ ही तक्रार मुंबईत पावसाबरोबर येते. मे महिन्यात सुरळीत सुटणारी रायफल जुलैत अडखळायला लागते आणि मालक पहिला हात घालतो तो वजनाच्या स्क्रूला. खरं तर स्प्रिंगचा जोर तेवढाच असतो. वाढलेलं असतं ते घर्षण. कुठे जुनं तेल चिकट झालेलं असतं, कुठे दस्त्याचं लाकूड फुगलेलं, तर कुठे ट्रिगरच्या पेटीत न जळलेल्या दारूचा एखादा कण अडकलेला. अशा वेळी स्प्रिंग सैल केली तर पावसाळाभर बरं वाटतं. पुढे कधीतरी सफाई झाली की तोच ट्रिगर धोक्याइतका हलका निघतो. म्हणून या लेखातला क्रम आहे मोजणं, साफ करणं, पुन्हा मोजणं, आणि त्यानंतरही गरज उरली तर स्क्रू.

इथे फक्त बोल्ट-अ‍ॅक्शन .२२ लाँग रायफल काडतुसाच्या रायफली धरल्या आहेत, म्हणजे दर शॉटनंतर बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) हाताने मागे-पुढे करावा लागतो अशा. त्यांचे दोन गट पडतात. एका बाजूला अनशुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ अशा मॅच (स्पर्धेच्या) रायफली, ज्यांचा दोन टप्प्यांचा ट्रिगर स्क्रूंनी जुळवता येतो. दुसऱ्या बाजूला इशापूरची स्पोर्टिंग, जुन्या बीएसए, एनसीसीची डीलक्स, म्हणजे साधा सिअर (ताणलेला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारा दांडा, अडवून धरणारा खटका), एक स्प्रिंग आणि जुळवायला जवळपास काहीच नाही. सेमी-ऑटोचं काम निराळं, त्यात इथे शिरत नाही.

हात कुणी आणि किती लावायचा, हेही आधीच ठरवलेलं बरं. क्लबची रायफल असेल तर शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मररला विचारल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नये. एनसीसीच्या रायफलीला कॅडेटने तर नाहीच. शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे शेजारच्या लेथवाल्याकडे ‘जरा घासून दे’ म्हणत सिअर नेणं हा मार्गच नाही. स्वतःच्या परवान्यावरच्या रायफलीत मालकाने करायचं ते सफाई, कारखान्याने दिलेले स्क्रू आणि ट्रिगर ब्लेडची, म्हणजे बोट टेकतं त्या पट्टीची, जागा. धातू काढायची वेळ आली की काम परवानाधारक गनस्मिथचं.

कामाला बसण्याआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी आणि करंगळीनेही पाहायचं. काडतुसं त्या खोलीतच नकोत. बोल्ट परत बसवाल तेव्हा चेंबर पुन्हा पाहायचा, पाच मिनिटांपूर्वी पाहिला असला तरी.

जड म्हणजे नेमकं काय

‘जड’ या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पहिली म्हणजे टेक-अप, बोट टेकल्यापासून प्रतिकार लागेपर्यंतचा मोकळा प्रवास. दुसरी क्रीप: प्रतिकार लागल्यावर शॉट सुटेपर्यंत ट्रिगर जो खरखरत सरकतो तो. तिसरी प्रत्यक्ष वजन. चौथी ओव्हरट्रॅव्हल, म्हणजे सिअर सुटल्यावरही ट्रिगर मागे जात राहतो आणि शेवटी ठपकन आपटतो.

नेमबाजाला सर्वांत जास्त छळते ती क्रीप, आणि तो तिलाच वजन म्हणतो. एक किलोचा पण काचेसारखा तटकन सुटणारा ट्रिगर चारशे ग्रॅमच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा केव्हाही चांगला, कारण कधी सुटणार ते बोटाला ठाऊक असतं. तेव्हा आधी तक्रार कोणती ते ओळखा. डोळे मिटून, रायफल रिकामी ठेवून, ट्रिगर अगदी सावकाश दाबा. दाब चढत गेला आणि काहीच न हलता सुटला तर प्रश्न वजनाचा. मध्ये एक-दोन पायऱ्या जाणवल्या तर तो क्रीप, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मळ.

ओव्हरट्रॅव्हलकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सिअर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. स्ट्रायकर पुढे जाण्यात काही, आणि सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास पोचणारी गोळी नळीतून जाण्यात दोन-तीन. तेवढ्यात ट्रिगर आपटला तर धक्का गोळीला लागतोच. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर ८० सें.मी. धरलं तर पुढची साइट फक्त ०.०८ मि.मी. हलली की ५० मीटरवर गोळी ५ मि.मी. सरकते. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा आख्खा व्यास आहे १०.४ मि.मी.

वजन येतं दोन ठिकाणांहून. एक ट्रिगरची स्वतःची स्प्रिंग, आणि दुसरं सिअरवरचं घर्षण, जे मेनस्प्रिंगच्या, म्हणजे स्ट्रायकरला पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या, जोरातून येतं. साध्या ट्रिगरमध्ये मेनस्प्रिंगचा सगळा भार थेट सिअरवर असतो, म्हणून ट्रिगर स्प्रिंग कितीही हलकी केली तरी एका मर्यादेखाली वजन उतरत नाही. मॅच ट्रिगरमध्ये मधे एक-दोन तरफा टाकून हा भार तोडलेला असतो, म्हणून तो शंभर ग्रॅमवरही सुरक्षित धरून राहतो. साध्या रायफलीकडून मॅच रायफलीचं वजन मागणं इथेच फसतं.

मोजायला पाण्याची बाटली पुरते

पिस्तूलवाल्यांना वजनाची सवय असते. एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तूलला १००० ग्रॅम ही किमान मर्यादा स्पर्धेत वजन टांगून तपासतात. ५० मीटर रायफलला आयएसएसएफने (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने) अशी खालची मर्यादा ठेवलेली नाही (३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम आहे), त्यामुळे रायफलवाले अंदाजावर चालतात. डिजिटल पुल-गेज असेल तर उत्तम. बॅगा मोजायचा काटा मात्र शंभर-दोनशे ग्रॅमच्या कामाला निरुपयोगी, त्याची चूकच तेवढी असते.

घरगुती पद्धत अचूक आहे. २०० मिलिलिटरची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या. कपड्याच्या हँगरच्या तारेचा आकडा करा आणि त्याला कंसासारखं वळण द्या, म्हणजे तार दस्त्याला वळसा घालून खाली लोंबेल, ग्रिपला घासणार नाही. आकड्याच्या टोकावर सलाईनच्या नळीचा तुकडा चढवा, नाहीतर ब्लेडवर ओरखडे पडतात. बाटली, झाकण आणि तार मिळून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. मग केमिस्टकडच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने पाणी भरत जा. एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम.

रायफल कॉक करा (बोल्ट मागे-पुढे करून स्ट्रायकर ताणा), नळी सरळ वर, सेफ्टी काढलेली. आकडा ब्लेडवर नेमका तिथे लावा जिथे बोटाचं पेर बसतं. खालच्या टोकाला लावला तर तरफेचा हात लांबतो आणि वजन फसवं कमी येतं. बाटली जमिनीवर ठेवून रायफल सावकाश वर उचला. झटका दिला की मोजणी वाया गेली. सुटला नाही तर ५ मिलिलिटर आणखी. असं दहा वेळा करून आकडे लिहून ठेवा. सरासरीपेक्षा त्यातला पसारा महत्त्वाचा. शंभर ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये आकडे ९५ ते १०५ मध्ये राहिले तर यंत्रणा ठीक आहे, वजन हवं तर बदला. ८५ पासून १३० पर्यंत उड्या मारत असतील तर स्क्रूला हात लावू नका, आत मळ आहे.

साध्या ट्रिगरला दोन लिटरची बाटली लागेल. हे ट्रिगर दीड-दोन किलोचे, कधी त्याहूनही जड असतात.

मग हीच मोजणी दस्ता काढून, नुसत्या अ‍ॅक्शनवर, परत करा. अ‍ॅक्शन पकडायला व्हाइस असेल तर त्याच्या जबड्यांना चामडं किंवा जाड रबर लावा. दस्त्यासह आणि दस्त्याशिवाय या दोन आकड्यांत ठळक फरक आला तर गुन्हेगार सापडला: लाकूड ट्रिगरला घासतंय. वॉलनट असो वा बीच, मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, आणि ब्लेड ज्या खाचेतून बाहेर येतं ती खाच अरुंद होते. कागदाची एक पट्टी ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी सरकवून पाहा. जिथे अडकेल तिथे लाकडावर चमकदार डाग दिसेल. तेवढाच भाग बारीक सँडपेपरने घासा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच जवसाचं तेल किंवा वॉर्निश लावा, नाहीतर पुढच्या पावसात तेच लाकूड आणखी पाणी पिईल. ट्रिगर गार्ड वाकून ब्लेडला टेकत असेल तरी लक्षण हेच.

दस्त्याचे स्क्रू परत घट्ट करताना मॅन्युअलमधला टॉर्क पाळा. कमी-जास्त पिळल्याने ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, बिघडतो, शिवाय काही रायफलींत जास्त पिळल्यावर अ‍ॅक्शन किंचित वाकून ट्रिगरची पेटी आवळली जाते.

सफाई

लागणाऱ्या वस्तू मुंबईत चालत जाऊन मिळतात. नागदेवी स्ट्रीटवर समांतर कडांचे स्क्रू ड्रायव्हर बिट्स आणि पंच, लॅमिंग्टन रोडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, झवेरी बाजारात सोनारांचं १० पट दाखवणारं भिंग. भिंगावर कंजूषी नको, पुढे सिअर पाहायला तेच लागणार आहे. घरातला पाचरीसारखा निमुळता स्क्रू ड्रायव्हर वापरला तर स्क्रूची खाच पहिल्याच दिवशी फाटते.

मॅच ट्रिगरची पेटी उघडू नका. आत नखाएवढ्या तरफा आणि केसासारख्या स्प्रिंगा असतात आणि त्या उडतात. पेटी अ‍ॅक्शनपासून दोन स्क्रू किंवा पिनांनी सुटी होते. मॅन्युअल तेवढं करायला परवानगी देत असेल तर सुटी करा, नसेल तर अ‍ॅक्शनसकट धुवा. ट्रिगर खाली आणि नळीचं तोंड किंचित खाली अशा बेताने धरा, म्हणजे द्राव बाहेर टपकतो, स्कोप किंवा साइटकडे जात नाही. लायटर भरायचं पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल सिरिंजने आत सोडा, ट्रिगर पंधरा-वीस वेळा हलवा, परत सोडा. खाली पांढरा कागद ठेवा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येतं, त्यात काळे ठिपके म्हणजे दारूचे कण आणि गोळीवरचं मेण. कागदावर पडणारा द्राव नितळ होईपर्यंत थांबू नका. खिडक्या उघड्या हव्यात, आणि दोन खोल्यांच्या घरात पलीकडे गॅस पेटलेला असेल तर हे काम सुरूच करू नका. ही दोन्ही द्रव्यं भडकन पेट घेतात.

पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. त्यानंतर मोह होतो तो तेल सोडायचा. मॅच ट्रिगरच्या आत तेल नको. कारखान्याने एखाद्या ठिकाणी ग्रीस सांगितलं असेल तर तिथेच, सुईच्या टोकाएवढं. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा आत मारला की पुढे त्याची चिकट साय होते आणि धूळ तिथे घर करते. शिलाई मशीनचं तेल बाहेरच्या धातूला चालतं, आत नाही. खोबरेल तेलाबद्दल बोलायलाच नको, पण बोलावं लागतं, कारण कुणीतरी ते लावतंच: खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, आणि वातानुकूलित रेंजवर तापमान तेवढंच असतं.

साध्या ट्रिगरमध्ये सिअर आणि कॉकिंग पीस (स्ट्रायकरचं मागचं टोक) यांच्या स्पर्शाच्या जागी मॉलीयुक्त (मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या) ग्रीसचा पातळ थर द्यायला हरकत नाही, उलट फायदाच आहे. काडीच्या टोकावर घेऊन लावा, फडक्याने पुसून टाका, जे उरेल ते पुरे. खरखरीत क्रीप एवढ्यानेच बरीच मऊ होते.

आता पुन्हा मोजा. बऱ्याच रायफलींचं काम इथेच संपतं.

दोन टप्प्यांचा ट्रिगर जुळवणं

स्क्रू हलवण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा नोंदवा. पद्धत सोपी आहे: स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेऱ्या लागल्या ते मोजा, तितक्याच फेऱ्या मागे या, वहीत लिहा. ‘साडेतीन फेऱ्या, खाच घड्याळात दोन वाजल्यासारखी’ एवढं स्पष्ट हवं. डोक्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिसला तर तो कारखान्याने बंद केलेला स्क्रू आहे, बहुधा सिअरच्या पकडीचा, म्हणजे तो किती खोल अडकतो याचा. त्याला हात नाही.

कुठला स्क्रू कशाचा हे मॉडेलनुसार बदलतं, म्हणून आकृती मॅन्युअलमधलीच पाहायची. कामं मात्र ठरलेली असतात: पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, पहिल्या टप्प्याची लांबी, सिअरची पकड, ट्रिगर स्टॉप (शॉट सुटल्यावर ट्रिगरला अडवणारा). एका वेळी एकच स्क्रू, आठवा भाग किंवा फार तर पाव फेरी, आणि दर बदलानंतर किमान पाच वेळा मोजणी. दोन स्क्रू एकदम हलवले की काय कशामुळे बदललं ते कळत नाही, आणि मग माणूस गोल गोल फिरत राहतो.

वजनाची वाटणी हा आवडीचा भाग असला तरी एक सुरुवात सांगता येते. एकूण १०० ते १२० ग्रॅम, त्यातलं साठ-सत्तर टक्के पहिल्या टप्प्यात. असं ठेवलं की बोट पहिल्या टप्प्यात निश्चिंत टेकतं, भिंत, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होतो तिथला प्रतिकार, ठळक लागते आणि पुढे फक्त तीस-चाळीस ग्रॅमचा दाब उरतो. पहिला टप्पा फारच हलका केला तर भिंत ओलांडून बोट सरळ शॉटमध्ये जातं. विशेषतः १० मीटर एअर रायफलवरून ५० मीटरला आलेल्या मुलांचं हे होतं. त्यांना सुरुवातीला १५० ग्रॅमच द्यावं, पुढे कमी करता येतं.

दुसरा टप्पा लागल्यावर ब्लेड दिसण्याइतकं सरकत असेल, तर पकड जास्त आहे. मॅन्युअलने परवानगी दिली असेल तर पकडीचा स्क्रू आठवा-आठवा भाग फिरवा आणि दर वेळी बोल्ट जोरात बंद करून पाहा. एकदाही स्ट्रायकर पुढे घसरला किंवा दुसरा टप्पाच नाहीसा झाला, तर किमान पाव फेरी मागे. हवेतला मळ आणि तापमान यांना जागा ठेवावी लागते. टेबलावर अगदी काठावर जुळवलेला ट्रिगर रेंजवर दगा देतो.

स्टॉपचा स्क्रू सगळ्यात शेवटी. ट्रिगर सुटणारच नाही इतका आत घ्या. मग अगदी थोडा थोडा मागे घेत, दर वेळी कॉक करून, सुटतोय का पाहा. ज्या क्षणी सुटेल तिथून आणखी पाव फेरी मागे. ही पाव फेरी वाचवायच्या नादात सिअर स्टॉपला घासून उतरतो, स्ट्रायकरचा जोर कमी-जास्त होतो, आणि दारूचा एक कण मधे पडला की ऐन स्पर्धेत ट्रिगर मुका होतो. ‘भिंत लागते पण शॉट जात नाही’ असं कुणी म्हणालं की आधी स्टॉप पाहावा.

ब्लेडची जागाही याच बैठकीत ठरवा. बोट ब्लेडवर काटकोनात, पहिल्या पेराच्या मध्यावर, आणि बोटाचा मागचा भाग दस्त्याला न टेकता. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर कितीही जुळवा, तो जडच लागणार आणि रायफल आडवी ढकलली जाणार. थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं त्या प्रकारात, गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून तिन्हीकडे ट्रिगर तोच असतो, पण ग्रिपवरचा हात बदलतो. ब्लेड उभ्याने जुळवलं आणि झोपून बोट पोचलं नाही, असं सर्रास होतं. तिन्ही स्थितींत पाहून मधली जागा धरा.

सगळं मनासारखं झालं की स्क्रू जागेवर धरणारं लॉकटाइट २२२, म्हणजे जांभळं, कमी ताकदीचं, टूथपिकने एक ठिपका. निळं नको, एवढ्या बारीक स्क्रूंना ते फार होतं. आणि द्रव पेटीत ओघळला तर सगळी सफाई पहिल्यापासून.

साध्या ट्रिगरचं काय करायचं

सफाई, सिअरवर ग्रीस, दस्त्याची घासट काढणं, याच्या पुढे दोनच गोष्टी घरच्या. ट्रिगर आणि पिनांच्या बाजूंचे पृष्ठभाग, म्हणजे जे नुसते एकमेकांना घासतात पण काही धरून ठेवत नाहीत, ते १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून चकचकीत करायचे. कडा गोल करायच्या नाहीत. दुसरी गोष्ट, त्या मॉडेलसाठी बनवलेली हलकी ट्रिगर स्प्रिंग मिळाली तर बदलायची.

स्प्रिंगचा एक वेढा कापणं हा लोकप्रिय जुगाड आहे आणि तो उलटा पडतो. वेढे कमी झाले की तीच तार प्रति मिलिमीटर अधिक ताठ होते, आणि कापलेलं टोक सपाट नसल्याने स्प्रिंग तिरकी बसते. बॉलपेनातली स्प्रिंग तर नकोच. ती या भारासाठी बनवलेली नसते, काही दिवसांत दबून बसते, आणि ट्रिगर पुढे परत येणं बंद होतं.

मेनस्प्रिंगला हात लावून वजन कमी करायचा विचारही नको. रिमफायर काडतुसाची पेटवणारी दारू बुडाच्या कडेत, रिममध्ये, भरलेली असते, आणि फायरिंग पिनने ती कड चेपली तरच शॉट पेटतो. फटका अशक्त झाला की आधी गोळ्यांचा वेग कमी-जास्त होतो, टार्गेटवर उभा पसारा दिसतो, आणि मग मिसफायर सुरू होतात. लोक त्याचा दोष काडतुसांच्या लॉटला देतात.

आता सिअर. याला घरी दगड लावायचा नाही. कारण पाहायचं असेल तर भिंग घ्या आणि बाजूने उजेड पाडा. जुन्या रायफलींत सिअर बहुधा वरच्या थरातच कडक केलेला असतो आणि तो थर मिलिमीटरचा अंशच असतो. दगडाने तो गेला की खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस ट्रिगर अप्रतिम लागतो, नंतर कड झिजते, आणि एके दिवशी बोल्ट बंद करताच शॉट सुटतो. शिवाय कोन बदलतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

कोन ठीक आहे का हे मात्र न उघडता कळतं. रिकामी रायफल कॉक करा, बोल्टच्या मागे दिसणाऱ्या कॉकिंग पीसवर नजर ठेवा आणि ट्रिगर हळूहळू दाबा. सुटण्याआधी कॉकिंग पीस केसभर मागे सरकला तर पकड सुरक्षित बाजूला आहे. ट्रिगर सोडला तर तो परत जागेवर यायला हवा. अजिबात न हलता सुटला तर तटस्थ, म्हणजे काठावर. सुटण्याआधीच तो पुढे सरकताना दिसला तर रायफल तिथेच ठेवा, बोल्ट काढून घ्या आणि गनस्मिथकडे न्या. अशा सिअरला स्वतःला सुटायचं असतं, नुसता धक्का पुरतो.

गनस्मिथला ‘हलका कर’ एवढंच सांगू नका. दहा मोजण्या लिहिलेला कागद द्या, क्रीप कुठे लागते ते दाखवा, आणि वजन एक किलोच्या आसपास मागा. साध्या सिअरच्या रायफलीला आठशे ग्रॅमखाली उतरवण्यात शहाणपण नाही. पकडीची खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी करायची नाही, हेही आधीच बोलून घ्या.

काडतूस घालण्याआधीच्या चाचण्या

कुठलाही बदल केला, एखादा आठवा भाग स्क्रू का असेना, या चाचण्या सगळ्या करायच्या. रायफल रिकामी, चेंबरमध्ये स्नॅप कॅप (नकली काडतूस). नुसतं ड्राय, म्हणजे रिकाम्या चेंबरवर, करू नका. बऱ्याच पॉइंट टू-टूंमध्ये फायरिंग पिन मोकळ्या चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते, मग काडतुसाची केस (पितळी कवच) नीट बाहेर निघत नाही. स्नॅप कॅप नसेल तर वापरलेली केस चालते, दर वेळी थोडी फिरवून घाला आणि कड सगळीकडून चेपली की बदला.

बोल्ट वीस वेळा जोरात, खरोखर जोरात, बंद करा. स्ट्रायकर एकदाही सुटता कामा नये. सेफ्टी लावून ट्रिगर ताकदीने ओढा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. या घडीला सुटणाऱ्या रायफली दिसतात, कारण ओढताना सिअर अर्धवट सरकलेला असतो आणि सेफ्टी त्याला तसंच अडकवून ठेवते. ट्रिगर अर्धा दाबून सोडा, ब्लेड पूर्ण पुढे यायला हवं. मग कॉक केलेल्या रायफलीच्या अ‍ॅक्शनवर चारी बाजूंनी रबरी हातोड्याने ठोका, आणि दस्त्याचं बूड जाड रबरी चटईवर २०-३० सें.मी. वरून पाच-सहा वेळा आपटा. एकाही चाचणीत सुटली तर ती रायफल नापास, ‘एकदाच सुटली’ हे कारण चालत नाही. पकड किंवा वजन वाढवा आणि पहिल्यापासून सगळं परत. लॉकटाइट लावलं असेल तर दुसऱ्या दिवशी आणखी एकदा.

रेंजवर, वरळीला असो वा कुठेही, बदललेल्या ट्रिगरची कल्पना रेंज ऑफिसरला द्या. पहिले दहा शॉट एकेक काडतूस हाताने घालून, मॅगझिन असलं तरी. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एक ग्रुप घ्या, नंतर पोझिशनमधून. टेकवून छान आणि पोझिशनमध्ये आडवा पसारा, तर बहुतेक वेळा बोट तिरकं आहे किंवा ब्लेडची जागा चुकली आहे. दोन्हीकडे उभा पसारा असेल तर स्ट्रायकर, मेनस्प्रिंग आणि काडतुसं पाहा, ट्रिगरला सोडा. क्लबमध्ये स्कॅट (नेम कसा हलतो ते संगणकावर रेषेने दाखवणारं यंत्र) असेल तर शॉटच्या आधीच्या शेवटच्या दोन दशांश सेकंदांची रेषा बघावी. तिथे दर शॉटला एकाच दिशेने हिसका दिसला तर तो ट्रिगरचा, इकडेतिकडे दिसला तर हातांच्या पकडीचा किंवा श्वासाचा.

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा वजन मोजून वहीत लिहा. पंधरा-वीस ग्रॅमने चढलं की धुवायची वेळ झाली, स्क्रूची नाही. रेक्झिनच्या केसमध्ये रायफल कोंडून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. पावसातून घरी आणली की केस उघडी टाका, दस्ता पंख्याखाली सुकवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या गुलाबी पडल्या की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळ्या करून घ्या, मात्र जेवणाचा तवा सोडून दुसऱ्या.